ऐंशी नंबरची आरती

तरुणपणी मी फार हुशार होते. हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. मीच सांगत फिरायचे. फोर्टातल्या एका ऑफिसात प्रोग्रामर होते, आणि लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा हा शब्द उच्चारता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. कडक खळ घातलेली कॉटनची साडी, काखेत छपाईच्या कागदांची भली मोठी चळत. त्या कागदांची घरी काही गरज नसायची. पण ते हातात नसले तर मी काय काम करते हे जिन्यात बसलेल्या बायकांना कसं कळणार?

अशा या विदुषीकडे चाळीच्या गणपती समितीने एक काम सोपवलं. आमच्याकडे रोजच्या दोन आरत्यांचा मान खोलीवार जातो. त्या वेळी ज्या खोलीची पाळी असेल तिच्या घरातल्या माणसाने तबक हाती धरायचं. खोल्या ऐंशी, आरत्या वर्षाला बावीसच्या आसपास, म्हणजे चारेक वर्षांत एक फेरी. ही यादी हाताने व्हायची तेव्हा दर वर्षी भांडणं. वशिला, रुसवे, एकदा तर नारळ फेकून मारलेला. मी म्हटलं, एवढंच ना? मी प्रोग्राम लिहिते. गेल्या वर्षी जिथे यादी थांबली त्याच्या पुढच्या खोलीपासून सुरू करायचं, एकेक नंबर पुढे जायचं, संपल्या की परत पहिल्यापासून.

एका रविवारी लिहिला. मोजणी अर्थातच शून्यापासून, कारण सी भाषेत मोजणी शून्यापासून होते आणि मी सी भाषेतली होते, चाळीतली नव्हे. पहिली यादी छापून फळ्यावर लावली, तर त्यात "खोली क्रमांक शून्य" असं लिहिलेलं. तेव्हाचे सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, शून्य नंबरात कोण राहतं? भूत?" सगळी चाळ हसली. मी लाल होऊन घरात गेले, शून्याच्या जागी एक केला, पाच मिनिटांत नवी यादी आणली. वर फळ्यावर माझ्या सहीची एक सूचनाही ठोकली: "यादी संगणकाने तयार केली असल्याने कोणाचीही तक्रार ऐकली जाणार नाही."

ही सूचना अजून आहे. मध्ये कोणीतरी तिला लॅमिनेट केलं.

ऐंशी नंबर म्हणजे वरच्या मजल्यावरची, संडासाला लागून असलेली शेवटची खोली. तिथल्या काकी मालवणकडच्या. गिरणी बंद पडली, नवरा गेला, आणि त्यांनी त्या एका खोलीत खानावळ चालवून मुलीचं लग्न केलं. यादी सुरू झाल्यावर पहिल्यांदा एकोणऐंशीवाल्यांची आरती झाली, दुसऱ्या दिवशी एक नंबरची झाली, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या होत्या. "गो चेडवा, मधी माझी खोली व्हती ना? ती खय गेली?"

मी काय केलं? यादी बघितली का? नाही. मी व्याख्यान दिलं. काकी, संगणक माणसासारखा नसतो, तो भेदभाव करत नाही, त्याला गरीब-श्रीमंत कळत नाही, तुमचीच मोजण्यात चूक झाली असेल. काकींनी ऐकून घेतलं आणि चुलीवर भात आहे म्हणून गेल्या. चार वर्षांनी पुन्हा आल्या, पुन्हा व्याख्यान. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला नुकतीच बढती मिळाली होती, त्यामुळे व्याख्यान जरा लांबलं. नंतर त्या विचारायच्या थांबल्या.

आणि बाकीची चाळ? बाकीच्या चाळीला ते सोयीचं होतं. विधवा बाईच्या हातात तबक द्यायचं की नाही हा प्रश्न कोणालाच मोठ्याने विचारावा लागत नव्हता. संगणकाने परस्पर सोडवला होता. सगळ्यांना वाटायचं काकींनीच मान नको म्हटला असेल. मला तर काहीच वाटायचं नाही. मी दर वर्षी बटण दाबायचे, कागद काढायचे आणि नमस्कार स्वीकारायचे.

यंदाचा गणपती चाळीतला शेवटचा. विसर्जनानंतर खोल्या रिकाम्या करायच्या, मग चाळ पाडणार, टॉवर होणार. काकींचं सामान मुलीकडे शिवडीला निघालंय. नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, टॉवरच्या पूजेला येतील असं त्याही धरून चालत नाहीत. यादी फळ्यावर लागली त्या दुपारी कठड्याला धरत धरत दोन मजले उतरून आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"काय गो, लागली यादी? माझो नंबर आसा?"

मी कागद बघितला. गेल्या वर्षी चौसष्टवर थांबलो होतो, म्हणून यंदा पासष्टपासून. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, एक.

आयुष्यात पहिल्यांदा मी ती यादी वाचली.

"बघते काकी," एवढंच म्हटलं. या वेळी व्याख्यान दिलं नाही.

"बघ हां. फुडच्या वर्षी ही चाळ खय आणि मी खय."

माझी नात इंजिनीअरिंगला आहे. तिच्या लॅपटॉपवर माझा तो जुना प्रोग्राम तिनेच आणून ठेवलाय. तिला सांगितलं तर म्हणाली, "आजी, थांब, एआयला विचारते." तिने तो प्रोग्राम त्या यंत्राच्या तोंडी दिला. यंत्र म्हणालं, प्रोग्राम फार सुंदर आहे. नातीने लिहिलं, सुंदर नाही, चुकतोय. यंत्र म्हणालं, माफ करा, तुमचं अगदी बरोबर आहे. आणि आख्खा प्रोग्रामच नव्याने लिहून दिला, त्यात मराठी सणांच्या शुभेच्छाही घातल्या. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने जेवढ्या वेळा माफी मागितली नाही तेवढ्या वेळा त्या यंत्राने दहा मिनिटांत मागितली.

"हा नवीन चालतोय की," नात म्हणाली.

"चालू दे. मला जुना का चालत नाही ते बघायचंय."

"का पण?"

"काकी तेच विचारायला आल्या होत्या."

मग मी तिला लॅपटॉपसमोरून उठवलं आणि डीबगर उघडला. ऑफिसात मी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. काळा पडदा, चित्रं नाहीत, बटणं नाहीत. प्रश्न टाइप करायचा, उत्तर वाचायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम जिना उतरून झपझप बाजाराला चाललेला असतो. डीबगर म्हणजे जिन्याच्या वळणावर बसलेली शेजारीण. ती त्याला अडवते. थांब जरा, पिशवीत काय आहे दाखव. बघून झालं की म्हणते, जा आता, पण एकच पायरी. पुन्हा थांब. पुन्हा दाखव. ही विद्या आमच्या चाळीतल्या प्रत्येक बाईला जन्मतःच येते. मी मात्र ती इंग्रजीतून शिकले आणि लोकांच्या चुकांवरच वापरली. स्वतःचा रविवारचा प्रोग्राम कधी अडवून पाहिला नाही. माझ्या पिशवीत काय असणार, सोनंच!

"आजी, तू टाइप किती हळू करतेस गं."

"चूक शोधायला घाई लागत नाही. करायला लागते."

जिथे पुढची खोली ठरते त्या ओळीवर मी थांबा लावला. ब्रेक. मग रन. प्रोग्राम येऊन उभा राहिला. प्रिंट म्हणून विचारलं, खोली किती? पासष्ट. पुढे जा. सहासष्ट. एकेक करत अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. आता मी एका वेळी एकच ओळ सोडू लागले. नंबर एकाने वाढला. प्रिंट.

ऐंशी.

"आला की!" नात ओरडली.

"थांब." पुढची ओळ सोडली. पुन्हा विचारलं.

एक.

नात वाकून ती ओळ वाचू लागली. तिच्यात लिहिलं होतं, नंबर ऐंशी झाला तर पहिल्या खोलीवर जा. शून्यापासून मोजताना हे बरोबरच होतं. शून्य ते एकोणऐंशी म्हणजे ऐंशी खोल्या. ऐंशी आकडा आला की खोल्या संपल्या. पण सेक्रेटरी हसल्यावर मी घाईने शून्याचा एक केला आणि दुसरं टोक तसंच ठेवलं. सुरुवात चाळीच्या पद्धतीची, शेवट माझ्या पद्धतीचा. दर चार वर्षांनी काकी एका ओळीपुरत्या दारात येत होत्या आणि पुढच्याच ओळीत मी त्यांना बाहेर काढत होते.

नातीने एका आकड्यात दुरुस्ती केली. एका आकड्यात! मग मी पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या याद्या पुन्हा काढून बघितल्या. काकींची पाळी आतापर्यंत आठ वेळा हुकली होती.

संध्याकाळी वर गेले. काकींच्या खोलीत बांधलेली बोचकी, मधोमध एक स्टूल. मी उभ्यानेच सांगितलं. "काकी, चूक माझी होती. पहिल्यापासून. तुमची आठ वेळा पाळी हुकवली मी."

"आठ?"

"आठ."

काकी जरा वेळ बोटांची पेरं चाचपत बसल्या. "बरां," म्हणाल्या. "चाय घेतलंस?"

मला वाटलं, माफ केलं. चहा पिऊन हलकी होऊन खाली आले. या वयातही अक्कल अशी.

समितीच्या खोलीत अध्यक्ष बसले होते. ते एक नंबरचे. काकींचा नंबर यादीत घातला की आठव्या दिवशीची संध्याकाळची आरती त्यांच्या हातून जात होती, आणि त्या संध्याकाळी त्यांचे नवे व्याही येणार होते.

"आजी, कॉम्प्युटरच्या यादीत हात घालायचा नाही," ते म्हणाले. "नियम तुमचाच आहे." आणि बोट दाखवलं. लॅमिनेशन चकाकत होतं. खाली माझी सही, झोकदार, शेवटी मोराच्या पिसासारखा फराटा.

"ती बाई मूर्ख होती," मी म्हटलं. "मी तिला जवळून ओळखते."

लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि अध्यक्षांनाच कळ दाबायला लावली. एकोणऐंशी. ऐंशी. एक. त्यांनी तीनदा दाबून पाहिलं. खजिनदार मागून हळूच म्हणाले, "पण आजी, त्यांना... म्हणजे तबक धरायला... चालतं का?"

"प्रोग्रामला नवरा विचारणारी ओळ मी घातलेली नाही," मी म्हटलं. "तुम्हाला घालायची असेल तर आत्ता सांगा. मी टाइप करते, सही तुमची."

अध्यक्षांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. यादी बदलली. एकेक पाळी पुढे सरकली आणि सात नंबरवाले शेवटून बाहेर पडत होते, म्हणून समितीने स्वतःसाठी राखलेली विसर्जनाची आरती त्यांना दिली. समितीने ती हसतमुखाने दिली असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

आठव्या दिवशी काकी हिरव्या काठाचं लुगडं नेसून खाली आल्या. तबक जड, म्हणून मी कोपराखाली हात धरून उभी राहिले. अध्यक्षांचे व्याही पुढच्या खुर्च्यांवर. गणपतीची झाली, देवीची सुरू झाली.

काकी माझ्या कानाशी वाकल्या. "आठ सांगलंस ना गो? ही दुसरी."

तेव्हा मला कळलं.

आमच्याकडे पाच आरत्या म्हणतात आणि उरकतात. पाचवी संपली, झांजा थांबल्या. तबक खाली आलं नाही. अध्यक्षांनी मंत्रपुष्पांजलीला हात जोडले. तबक फिरतच राहिलं. "पाच," काकी मोठ्याने म्हणाल्या. मुलांनी बिचकत सहावी काढली. सातवीला निम्म्या चाळीने मोबाइल काढून शब्द शोधले. व्याही घड्याळ बघत होते. तबक जड होत चाललं होतं, पण थांबा म्हणायचा अधिकार मला नव्हता. आठ हा आकडा मीच दिला होता.

आठवी कोणालाच येईना. मग काकींनी स्वतःच सुरुवात केली. त्यांच्या गावच्या देवीची, मालवणीतली, आमच्यापैकी कोणी कधी न ऐकलेली. आवाज फाटका, चाल मात्र पक्की. पहिलं कडवं त्या एकट्याच म्हणाल्या. दुसऱ्याला टाळ्यांनी ताल धरला. शेवटच्या कडव्याला माझी नात त्यांच्या ओठांकडे बघून अर्धवट शब्द म्हणत होती.

मग त्यांनी तबक माझ्या हातात ठेवलं, खुर्चीवर बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं.

"आता सगळ्यांका आरती दी," म्हणाल्या. "त्या अध्यक्षाक शेवटाक."

मी तबक एका हातावर पेललं, दुसरा तळवा ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावला आणि मागच्या रांगेकडे निघाले.