दत्तूची आई आणि ओव्याचं पाणी

आमची पोस्ट उंचावर, बर्फात होती. पिण्याचं पाणीही स्टोव्हवर बर्फ वितळवून मिळे. मी इन्फंट्रीत लान्स नाईक होतो. नर्सिंग असिस्टंट होता चंदगडकडचा दत्तू खोत. रोज तो प्रत्येकाची छाती तपासायचा. एकदा माझ्या फुप्फुसांत त्याला पाणी ऐकू आलं. मी साधा खोकला समजत होतो.

त्याने रेडिओ उचलला. "एक कॅज्युअल्टी. खाली आणायचीय. ओव्हर."

"हवामान खराब आहे. थांबा. ओव्हर."

"थांबलो तर माणूस जाईल, साहेब. परवानगी द्या. ओव्हर."

परवानगी मिळाली. त्याने मला स्ट्रेचरवरून खाली आणलं. मी वाचलो. त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका जवानाला आणताना हिमकडा कोसळला. दत्तू परतला नाही.

तेव्हापासून त्याची आई ती माझी आई. निवृत्तीनंतर मी बेंगळुरूला, हेब्बाळमध्ये मुलाकडे राहतो. दिवाळीनंतर ती गावाहून येते. पिशवीत लुगडी दोन आणि बाकी ओवा, सुंठ, वेखंड, निर्गुडीचा पाला. निर्गुडीच्या शेकाने माझा गुडघा खरोखर हलका होतो. सुनेचा खोकला तिच्या अडुळशाने गेला. डॉक्टरकडे मात्र ती जात नाही.

यंदा एका सकाळी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ओव्याचं पाणी पिताना दिसली. कपाळ घामाने ओलं. हात लावला, तर गार.

"आई, काय होतंय?"

"पित्त हाय. ढेकर आली की बरं वाटंल."

"दुखतंय कुठं?"

तिने छातीवर हात ठेवला. मग जबड्यावर.

"दवाखान्यात चल."

"पित्तासाठी कोण दवाखान्यात जातंय? वाईच सुंठ उगाळ."

"दत्तूनं मला विचारलं नव्हतं, आई. उचललं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला.

खालच्या मजल्यावर बसवराजअण्णा राहतात. जिन्यातूनच मोडक्या कानडीत ओरडलो, "अण्णा, आस्पत्रे! बेगा!" दवाखाना, लवकर. ते लुंगीवरच गाडीची किल्ली घेऊन धावले. फ्लायओव्हरवर गाड्या तुंबल्या होत्या. अण्णांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. आई मागे माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी तिचे श्वास ऐकत होतो.

हार्ट अटॅक होता. बंद झालेली रक्तवाहिनी उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेवर आणलंत," म्हणाल्या. मी हात जोडले. अण्णा संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले, त्याच लुंगीत.

वॉर्डात आल्यावर आईने आपला निर्णय सांगितला. "खोकल्याला माझाच काढा. छातीचं मातर तू म्हणशील तसं."

"सरी," म्हणजे ठीक, अण्णा हसून म्हणाले.

मग ती आपणहून दत्तूबद्दल बोलू लागली. लहानपणी त्याने शेजाऱ्याच्या वासराच्या मोडक्या पायाला कामट्या बांधल्या होत्या. त्यासाठी तिचं नवं लुगडं फाडलं होतं. "लई मारला मी त्याला," ती म्हणाली, "पर वासरू चाललं बघ." त्याचं नाव घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदाच हसलो.

नर्सिंग असिस्टंट दत्तू खोत. त्याने खाली आणलेल्या माणसांपैकी मी एक.