फळांवरचं नवरात्र

दसरा झाला आणि मला ताप भरला. खरं सांगते, तेव्हा देवीचा रागच आला होता. बोललेला नवस फेडला होता, नऊ दिवस नुसत्या फळांवर आणि लिंबूपाण्यावर काढले होते, आणि वर हे बक्षीस! मी पुण्याची डॉक्टर, मेलबर्नच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, मलेरियावर संशोधन करायला आलेली. क्रेगीबर्न या उपनगरात नव्या विद्यार्थ्यांची अशी काही झुंबड उडाली होती की तीन खोल्यांच्या घरात आम्ही सहा जणी राहत होतो. त्या गर्दीत मी दुलईत कुडकुडत पडले होते, आणि मनात एकच, आता पुरे झालं.

हा थकवा मी आफ्रिकेतून सोबत आणला होता. युनीने मला मलावीतल्या सरोवराकाठच्या एका लहान रुग्णालयात पाठवलं होतं. आमचा अभ्यास साधा मलेरिया झालेल्या मुलांचा होता. रक्त तपासायचं, गोळ्या द्यायच्या, पुन्हा बोलावून पुन्हा रक्त तपासायचं. त्या गोळ्या तेलातुपाच्या किंवा दुधाच्या खाण्याबरोबर दिल्या तरच नीट लागू पडतात. म्हणून तिथल्या भाषेतली दोन वाक्यं मी घोकून ठेवली होती आणि प्रत्येक आईला तीच विचारत असे, "जेवली का? गोळी दुधाबरोबर दिलीस ना?" माझा उच्चार ऐकून बायका अंगावरच्या कापडात तोंड लपवून हसायच्या.

एका खाटेवर दोन-दोन मुलं असायची, वीज गेली की ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं. सगळीच मुलं घरी जात नसत. अशात आतुपेले नावाची चिमुरडी बेशुद्ध होऊन आली. इतकं आजारी मूल आमच्या अभ्यासात बसत नव्हतं, पण वॉर्डात त्या वेळी दुसरं कुणी डॉक्टर नव्हतं. इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं, आणि जे माझ्या हातात नव्हतं त्यासाठी आमच्या कुलस्वामिनीला, तुळजाभवानीला म्हटलं, हिला उठव, येतं नवरात्र मी फक्त फळांवर करीन. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने आईकडे पाणी मागितलं. औषधाने उठली की देवीने, हे मी स्वतःला विचारलं नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

मेलबर्नला परतले आणि लगेच घट बसले. मलेरिया होऊ नये म्हणून आम्ही घेतो त्या गोळ्या परतल्यावरही आठवडाभर चालू ठेवायच्या असतात, आणि त्याही पोटभर खाऊनच. घरातलीच माझी मैत्रीण स्नेहल म्हणाली, "अगं, साबुदाण्याची खिचडी चालते की उपवासाला. दाण्याचं कूट घालून मस्त करते." मी म्हटलं, "नवस म्हणजे नवस." आणि रोजची गोळी लिंबूपाण्याबरोबर गिळली. एकही चुकवली नाही, याचा मला चक्क अभिमान होता.

त्यामुळे ताप आल्यावर जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांना, मीच छातीठोकपणे सांगितलं, आफ्रिकेतून आले आहे, पण गोळ्या पूर्ण घेतल्या आहेत, मलेरिया नाही. त्यांनी डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवला. फ्लूची साथ होतीच. स्नेहलने मलेरियाबद्दल विचारलं तेव्हा मी खेकसले, "मला मलेरिया शिकवू नकोस." मग अंगाला पिवळट झाक आली, तरी उठवेना. होईल ते होवो, असं वाटू लागलं.

दुपार कलताना फोन वाजला, मलावीत तेव्हा सकाळ होती. तिकडच्या नर्सच्या फोनवरून व्हिडिओ कॉल होता. आतुपेले तपासणीला आली होती, आईच्या मांडीवर बसून काहीतरी चघळत होती. आईने माझा चेहरा पाहिला, आणि माझाच मोडका उच्चार काढत, थट्टेने विचारलं, "जेवलीस का, डॉक्टर? गोळी दुधाबरोबर घेतलीस ना?"

मागे वॉर्डातल्या सगळ्या बायका खदखदून हसल्या. मीही हसायला गेले आणि आठवलं, माझी इथली प्रत्येक गोळी नुसत्या लिंबूपाण्यावर गेली होती.

"स्नेहल, गाडी काढ. इमर्जन्सीला जायचंय."

"आत्ता? अगं, आर्व्होची, दुपारनंतरची शिफ्ट आहे माझी..."

"आत्ता."

रक्तात मलेरिया निघाला, तोही वाढलेला. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. सलाईनमधून औषध झालं, आणि मग गोळ्या आल्या, मी त्या लेकरांना द्यायची त्याच. नर्सने सोबत कपभर दूध ठेवलं. तो कप दोन्ही हातांनी धरून मी रडले. इतके दिवस घट मांडून बसले होते, पण प्रसाद मला त्या दुधातच मिळाला.

माझ्या उपाशी राहण्याची देवीला गरज नव्हती. तो सौदा मीच ठरवला, मीच घासाघीस केली, आणि तिने मात्र मी विसरलेलं माझंच वाक्य एका आईच्या तोंडून परत पाठवलं. शरण जाणं म्हणजे अटी घालणं नव्हे, हे समजायला मला एवढं आजारी पडावं लागलं. थकवा अजून जात नाही. पण आता तो एकटीचा वाटत नाही.

आजही घरात घट बसतात. नवरात्रात आतुपेलेच्या आईचा हमखास फोन येतो. "जेवलीस का?" ती विचारते. "जेवले," मी सांगते. आणि खरंच जेवलेली असते.