भट्टीबाई आणि आडाचं पाणी

आमच्या भट्टीबाई ऐन मे महिन्यात, हजार अंशांच्या भट्टीशेजारी बसून कढत चहा प्यायच्या. तोही बीडच्या पाण्याचा नाही. दर सोमवारी दिंद्रुडहून एस.टी.नं येताना त्या घरच्या आडाचं पाणी निळ्या कॅनमध्ये भरून आणत. "त्याच्याबिगर चहा म्हंजी नुस्ता रंग," असं त्यांचं ठाम मत. कॅन उचलून वर आणायला मात्र आम्ही!

इंजिनिअरिंग कॉलेजात त्या माझ्या पीएच.डी.च्या गाईड. समोर मॅडम, माघारी भट्टीबाई. सिरॅमिकमध्ये सिरॅमिकचेच धागे गुंफलेला तुकडा वजन लावून तापवला, तर तो किती तग धरतो, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. असा तुकडा पटकन तुटत नाही, केसाकेसानं लांबत जातो. पुस्तकात त्याला क्रीप म्हणतात. बाई पडद्यावरची रेघ बघून म्हणायच्या, "ताणतंय बघ लेकरू."

कोरड्या हवेतल्या निकालावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. हे तुकडे जायचे विमानाच्या इंजिनात; तिथं जळण जळलं की वाफ आलीच, आणि वाफ बारीक भेगांतून शिरून धागे खाते. त्यांचा दाखला घरचाच असे : "आमचा बाप उन्हातान्हात शेरडं राखायचा, कधी डोकं दुखलं न्हाई. मुंबईला लग्नाला नेला, तर घामानं दुपारीच आडवा झाला." कुणी चांगला निकाल दाखवला की त्या विचारत, "ते ऱ्हाऊ दे. वाफेत काय म्हंतंय?"

माझी सगळी पीएच.डी. त्या एका प्रश्नाला लटकली होती. धाग्यांवरचा माझा लेप वाफेत टिकायला हवा होता. हवेत तो झकास टिकला. वाफेत पहिला तुकडा दुपार व्हायच्या आत गेला, पाठोपाठ दुसराही. आता एकच उरला होता आणि तसा दुसरा बनवून मिळणार नव्हता. विभागप्रमुख म्हणाले, "लेप फसला असं लिही आणि मोकळा हो." मोकळा होऊन जायचं कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बाईंपुढे चहा ठेवला. चहावरून त्या आठवडाभर मला बोलत होत्या. आजही घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "कावून रे, चवच न्हाई ह्याला?" मग एकाएकी कप ठेवून उठल्या आणि भट्टीला वाफ पुरवणाऱ्या बंबाजवळच्या कॅनमधलं थोडं पाणी ताटलीत आटवलं. तळाशी पांढरं कडं उमटलं. बंबात शुद्ध केलेलं पाणी लागतं, त्याचाही कॅन निळाच. सोमवारी आम्ही वर आणलेला कॅन बाईंनी बंबापाशी ठेवला होता, शुद्ध पाण्याचा चहाकडे, आणि बंबही स्वतःच भरला होता. आडातले क्षार वाफेच्या तुषारांबरोबर थेट भट्टीत, आणि शुद्ध पाणी आमच्या चहात!

निवृत्ती तोंडावर आलेली. त्या गप्प बसल्या असत्या, तर बाहेर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. "चूक माझी हाय. पोराच्या लेपाची न्हाई."

भट्टी आणि बंब घासूनपुसून आम्ही शेवटचा तुकडा लावला. दुपार टळली. दुसऱ्या दिवशीची दुपारही टळली. रेघ आपली शांतपणे सरकत होती. तुकडा हवेतल्याइतका नाही, पण हवा तेवढा टिकला. मी भिंतीला टेकून चक्क रडलो.

"रडतो कावून येड्या? चहा ठेव. माझ्या पान्याचा."

तुटलेले दोन तुकडेही त्यांनी मला प्रबंधात कारणासकट लिहायला लावले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे विहिरीचं पाणी कुणाचं?" पहिल्या रांगेतून बाईंनी हात वर केला, "माझं. दिंद्रुडचं." सगळी खोली हसली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा उतरला.

कायमच्या गावी जाताना त्यांनी तो कॅन माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर लाल रंगात ठळक लिहिलं होतं, 'चहा'. आज माझ्या हाताखाली पोरं आहेत. त्यांचा तुकडा लवकर तुटला, की मी आधी तो कॅन कुठं आहे ते बघतो. पोरांना बोलायचं ते नंतर.