मीटरपुढे वाढवलेला नारळ

माझ्या नावात हिंमत आहे. आणखी कुठे सापडली तर मला कळवा. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मी, हिंमतराव, नळयोजनेच्या पंपावर चिकटलो. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी पंपघर आणि शेजारी आमची एक खोली. पंप चालवायचा, पाइपातून किती पाणी चाललंय ते बघायचं आणि खाली टाकीवर फोन करायचा, एवढंच काम. माझा फोन गेल्याशिवाय ओव्हरसियर नळ सोडत नसत. त्यामुळे गावाचं सगळं पाणी माझ्याच तोंडून निघतं, असा माझा समज होता. बायको मंजुळा म्हणायची, "म्हणूनच लोकाईचे हंडे अर्धे राह्यतात."

दहा-बारा वर्षांनी यंत्र आलं. पाइपात भोकाची चकती बसवली. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक पेटीतलं मीटर ओळखायचं आणि खांबांवरच्या तारेतून खाली सिग्नल पाठवायचं. तिथे ओव्हरसियरच्या टेबलासमोर काटा हलायचा. पाणी जास्त, तर काटा वर. शालिग्राम ओव्हरसियर खूश झाले. म्हणाले, "हिंमतराव, आता फोन करू नका. काटा सांगते सारं. इथं माणूस ठेवाचा का नाही, तेबी दिवाळीनंतर पाहू."

म्हणजे नोकरी गेली की खोलीही जाणार. यावर मी काय केलं? ती पेटी रोज फडक्याने पुसू लागलो. वर येणाऱ्या-जाणाऱ्या गुराख्यांना दरडावायचो, "इलेक्ट्रॉनिक हाय, हात लावू नका!" माझ्या पोटावर पाय देणाऱ्याचे पाय मी असे मन लावून चेपत होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा आणि यंत्रांना सुटी. दर वर्षी मी आधी फोन करायचो, "आज पंप बंद, नळ जपून सोडा." या वर्षी फोनच नको होता. पंप थांबला की काटा शून्यावर येईल आणि साहेबांना कळेल, असा मी शहाण्यासारखा विचार केला.

मंजुळाचं माहेर खामगावचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते, त्यामुळे यंत्रपूजेतलं तिला सगळं ठाऊक. पंपाला हार घालून झाल्यावर ती पेटीकडे वळली. "झाकण काढा. बंद पेटीची कुठं पूजा असते?"

"अवं, नाजूक हाय ते."

"नाजूक हाय म्हणूनच देवाच्या हवाली करा."

मी झाकण काढलं. नावातली हिंमत बायकोसमोर पडवीतच थांबते. हळद-कुंकू झालं, अक्षता पडल्या, नारळ फुटला आणि मंजुळाने त्याचं पाणी मनोभावे आत शिंपडलं. मी हात जोडून म्हणालो, "देवा, याला चांगलं चालू दे." इतकं खोटं मी देवाशी कधी बोललो नव्हतो.

दुपारी पुरणपोळी खाऊन घोरत पडलो होतो, तेवढ्यात साहेबांची जीप आली. नारळाच्या पाण्याने आतल्या सिग्नलच्या दोन्ही तारा जोडल्या गेल्या होत्या आणि खाली काटा पार टोकाला जाऊन बसला होता. एवढं पाणी येतंय म्हणून साहेबांनी सणाचे सगळे नळ खुशाल सोडले. टाकी कोरडी पडली, बाया हंडे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

साहेबांनी पेटी उघडली. आत कुंकवातून मुंग्यांची रांग चालली होती.

"पंप बंद ठेवला, तं फोन काऊन नाही केला?"

"तुमीच म्हणले साहेब, फोन करू नका."

हे ताठ मानेने बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज रडवा निघाला. साहेब पेटीचं झाकण आपटून निघून गेले. संध्याकाळी मंजुळा गुपचूप भांडी पोत्यात भरू लागली. मला फार वाईट वाटलं. तिला रागवायचंसुद्धा सुचलं नाही.

दसऱ्यानंतर मिस्त्री येऊन मीटर सुकवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीतरी दिवसांनी, फोन वाजला.

"हिंमतराव, काटा म्हणते पाणी चालू हाय. खरं हाय का? आन् हे आता रोज सांगत जा. दिवाळीनंतरबी."

मी बाहेर धावलो. पाइपावर हात ठेवला. आत पाणी थरथरत होतं. परत येऊन फोन कानाला लावला आणि जोरजोरात होकाराची मान हलवत राहिलो.

"हिंमतराव? अवो, तुमचा सिग्नल काऊन येऊन नाही राह्यला?"