आईच्या खुब्याचं हाड

आज आईच्या खुब्याचं हाड संशोधनाला दिलं. घरात कुणाशी बोलवेना, म्हणून इथे लिहिते.

गावी, खोडदला, अंगणात पडून तिचा खुबा मोडला. ती पुन्हा उभी राहील, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. शस्त्रक्रियेआधी एक संशोधक मुलगी आली. वयामुळे रक्तवाहिन्या बिघडल्या की हाडं ठिसूळ होतात का, हे तिला तपासायचंय. खुबा बदलताना निघणारं हाड तिने मागितलं.

आईने विचारलं, "त्यानं मी चालंन का?"

"नाही, आजी."

"मंग घिऊन जा. पर अस्थी भरताना येवढं कमी पडंल, तवा ही लेक रडत बसंल."

"गप, असलं बोलू नकोस," मी दटावलं. तुम्ही काय म्हणाला असता?

दिलं: संमतीपत्रावर आईचा अंगठा, साक्षीदार म्हणून माझी सही, उजव्या खुब्याचा गोळा एक.