योगिताची लाभपाचम

बी.कॉम.चा निकाल लागला आणि योगितानं व्यापारी पेढ्यांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. सुरतेत उधन्यापासून रिंग रोडपर्यंत जिथं जिथं ऑफिसात माणूस हवा असल्याचं कानावर आलं, तिथं ती गेली, आणि सगळीकडे एकच नन्नाचा पाढा ऐकून आली. अनुभव आहे का? नाही? मग कुणाच्या ओळखीनं आलात? काम दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून, असं उलट विचारावंसं तिला फार वाटे. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्यांनी विचारायचं आणि या बाजूच्यांनी मान डोलवायची, अशी एकूण रीत. ओळखीचं म्हणाल, तर तिच्या बापाची, सुपडूची, ओळख दांडगी होती. पण ती सगळी लूमवाल्यांची. ऐन जवानीत तो शिंदखेड्याकडच्या गावातून सुरतेला आला आणि तेव्हापासून बमरोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत होता. त्या खडखडाटामुळे घरातही तो ओरडूनच बोलायचा. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीच्या तोंडावर मात्र एके ठिकाणी डाळ शिजेलसं वाटलं. कुंदनशेठ साड्यांचे व्यापारी. मार्केटात वरच्या मजल्यावर त्यांचं काचेचं ऑफिस होतं. शेठनी ना मार्क विचारले ना ओळख. बिलांचा गठ्ठा पुढ्यात टाकून तिला कॉम्प्युटरवर बसवलं, मध्ये चहा पाजला, सगळी बिलं चढवून झाल्यावर स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाले, "लाभ पाचमना दिवसे सवारे आवी जजो, बेन."

लाभपंचमीला सकाळी या, म्हणजे नोकरी लागली की नाही? हे विचारायला तिची जीभ काही उचलली नाही. "हो" म्हणून ती जिना उतरली.

सुरतेचा बाजार दिवाळीला बंद होतो तो लाभपंचमीच्या, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीच्या, मुहूर्तावर उघडतो. योगिता सुरतेतच जन्मली, गुजराती मैत्रिणींत वाढली, पण लाभपंचमी तिनं सुरतेत कधी पाहिलीच नव्हती. दिवाळीला लूम थांबले की बमरोलीतली निम्मी वस्ती खानदेशाच्या गाड्या धरते, आणि परतते ती लूम सुरू व्हायच्या हिशेबानं, देवदिवाळी उलटून गेल्यावर. आजवर या घरात कामाला जाणारं माणूस म्हणजे लूमवर जाणारं माणूस. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कॅलेंडरशी कुणाचा संबंधच आला नव्हता.

गावी भाऊबीज पार पडली आणि तिनं हळूच विषय काढला. सुपडू खाटेवर पसरला होता. तो हसला.

"पाचमले काम कोन करस वं? पूजा करतस, आनि शटर पाडीसन घर निंघी जातस. तो शेठ असंच बोलना व्हई. आपन देवदिवाळी करीसन जाऊ."

योगिताचा चेहरा उतरला. बाप काही पोरीच्या नोकरीवर उठलेला नव्हता. कॉलेजची फी भरताना त्यानं कधी कपाळाला आठी घातली नव्हती. मग आताच हे काय? ती तशीच घुम्यासारखी चुलीपाशी जाऊन बसली. आईनं, भागीरथीनं, भाकरी थापता थापता तिच्याकडे बघितलं.

"त्यास्ना मनमा येगळंच शे," ती म्हणाली, आणि जे आजवर कधी बोलली नव्हती ते तिनं सांगून टाकलं. सुपडू सुरतेला नवा असताना एका मुकादमानं त्याला असंच सांगितलं होतं, दिवाळी झाली की ये, काम पक्कं. हा पठ्ठ्या सण अर्धा टाकून धावत गेला. मुकादम अजून त्याच्या गावाला, लूम बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही. लूम सुरू होईपर्यंत तो कुणाकुणाच्या घरी जेवला आणि कुणाकुणाच्या ओट्यावर निजला. ती लाज त्याच्या मनातून गेली नव्हती. पोरीच्या वाट्याला ती येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

योगिताला बापाची फार दया आली, आणि रागही आला. ती उठून खाटेपाशी गेली.

"पप्पा, शटर बंद दिसनं ते मी मुकाट घर येसू. रडाव नही. पन मले मना डोयानी देखनं शे."

पाचमच्या आदल्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून बाहेर आली, तर सुपडू आधीच अंगणात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात फराळाचा डबा. एकटी कशाला जातेस, एवढंच म्हणाला.

लाभपंचमीला मार्केटच्या जिन्यात झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या. सुपडू खालीच थांबला. काही विपरीत झालं तर पोरीला रिक्षात घालून घरी न्यायची त्याची तयारी होती. वर ऑफिसात कॉम्प्युटरला कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं होतं आणि जुनी नोकरमाणसं पूजेला बसली होती. योगिताला दारात बघून शेठ म्हणाले, "आवो, आवो! साथे कोण आव्युं छे?"

"पप्पा. नीचे बेठा छे."

"नीचे केम? उपर बोलावो."

सुपडू संकोचत वर आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. आरती झाली, प्रसाद झाला. मग शेठ त्याच्याशी गुजराती-हिंदीच्या मिसळीत बोलू लागले. पाचमच्या पूजेला बसतो तो आमच्या पेढीचा माणूस, म्हणाले. जुन्यांनाही चुकत नाही. पण तुमची माणसं या दिवसांत सुरतेत नसतात, म्हणून मी वेसू भागातल्या एका मुलीलाही सांगून ठेवलं होतं, ही आली नाही तर सोमवारपासून तू ये. आणि त्यांनी तिथल्या तिथं त्या मुलीला फोन लावून, जागा भरली म्हणून सांगितलं. योगिताच्या जिवात जीव आला. आणि त्या न पाहिलेल्या मुलीसाठी काळजात चर्रही झालं.

थोड्याच वेळात शटर खाली आलं. काम सोमवारपासून. पूजा आणि शटर, एवढं सुपडूचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. जिन्यात मध्येच थांबून त्यानं कठडा धरला.

"मी तुले येऊच नही देतू, ते मंग?"

"पन येऊ दिधं ना तुम्ही, पप्पा."

त्यानं मान हलवली. रस्त्यावर आल्यावर त्यानं तेच पुन्हा विचारलं, आणि रिक्षात बसल्यावर आणखी एकदा.