एस्तेर मामी, मामांचं लॉन आणि जांभळाचं झाड

मामीने एकदा मामांच्या हातातून तणनाशकाची बाटली हिसकावून घेतली आणि दागिन्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

आज मामीला जाऊन वर्ष झालं.

एस्तेर मामी. सरकारी दवाखान्यातली रिटायर्ड नर्स. माहेर घोडेगाव, सासर नेवासा. आवाज असा, की ओपीडीतली रांग आपोआप सरळ व्हायची.

मामा रिटायर्ड हेडमास्तर. घरी बसल्यावर त्यांना लॉनचं वेड लागलं. आणि त्याच लॉनच्या मधोमध मामीचं जांभळाचं झाड. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने लावलेलं.

एका जूनमध्ये चांगला पाऊस झाला आणि लॉनभर तण माजलं. घोळ, दुधाणी, गाजर गवत, काय म्हणाल ते.

डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, रूथताईचं लग्न. रिसेप्शन याच लॉनवर. मामांचं बीपी वाढलं. ते बाटली घेऊन आले.

"हे फक्त रुंद पानांचं तण मारतं. गवताला काही होत नाही. सायन्स आहे!"

मामीने चष्मा लावला. बाटलीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं. नर्सची सवय.

"अहो, मग जांभळाचं पान काय सुईवानी हाय व्हय?"

मामा गडबडले. "मी झाडापासून लांब मारतो ना."

"मुळं काय खोडाखाली मांडी घालून बसल्यात? पार कंपाउंडपर्यंत गेल्यात. आन वारं सुटलं की फवारा पानावर. न्हाई म्हंजे न्हाई!"

बाटली कपाटात. चावी कमरेला.

मामा रुसले. जेवताना "मीठ" एवढंच बोलायचे.

मामीने मात्र चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला:
"बादलीभर तण उपटा, डबाभर जांभळं न्या."

रविवारी उपासनेनंतर अर्धी गल्ली हजर! शेजारच्या शबाना भाभी तर सासूबाईंनाही घेऊन आल्या.

मामीने सगळ्यांना ग्लोव्हज वाटले. "गाजर गवताला उघडा हात लावू नका, खाजवत बसाल. आन मुळासकट उपटा! फुलं यायच्या आत गेलं पायजे."

रात्रीच्या पावसाने माती मऊ होती. तण अलगद येत होतं. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या.

मामा आधी खिडकीतून बघत होते. मग खुरपं घेऊन हळूच बाहेर आले.

मामी मान वर न करता म्हणाली, "झाडाजवळ खुरपं नको, मुळांना लागंल. हातानं काढा."

हेडमास्तर निमूट खाली बसले.

मग बुंध्याभोवती मोठा गोल करून तिथलं गवत काढलं आणि वाळक्या पाल्याचा थर दिला. "खोडाला चिकटवू नका, साल कुजंल." त्या गोलामुळे तण कमी झालंच, शिवाय गवत कापायचं मशीन खोडाला लागायचं बंद झालं.

तण परत आलं. का नाही येणार? पण लोकही परत आले. जांभळं संपल्यावर मामी चहा आणि भजी करायची.

एक दिवस मामांनी स्वतःच मामीकडे कपाटाची चावी मागितली आणि ती सीलबंद बाटली गुपचूप दुकानात परत देऊन आले.

रूथताईचं रिसेप्शन जांभळाखाली झालं. लॉन हिरवंगार. मामा येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "एक थेंब औषध नाही हां! मी पहिल्यापासून याच मताचा."

मामी पदर तोंडाला लावून हसत होती. एका शब्दाने तिने त्यांना खोटं पाडलं नाही.

गेल्या वर्षी मामी गेली. चहा पिता पिता. कुणाला त्रास न देता.

आज सकाळी मी नेवाशाला गेलो. मामा छोट्या स्टुलावर बसून लॉनमधलं तण काढत होते. गुडघे दुखतात, तरी.

म्हटलं, "मामा, माणूस लावू का कामाला?"

"नको रे. इथं बसलो की तिच्याशी बोलणं होतं."

मग हसले.

"म्हणजे बोलते तीच. मी ऐकतो."

मामी, प्रभूच्या घरी निवांत राहा. मामांना आम्ही सांभाळतोय.